प्राचीन ग्रीक लायर शिकताना: वाजवण्याआधी दाबायला शिका

लायर, म्हणजे दोन उभ्या हातांवर बसवलेल्या आडव्या दांडीपासून खाली तारा ताणलेले वाद्य, पहिल्यांदा मांडीवर घेतली की हात आपोआप तारांवरून फिरतो आणि सातही तारा एकदम वाजतात. दोन मिनिटे फार छान वाटते. तिसऱ्या मिनिटाला कळते की पुढे काहीच नाही. स्वर एकमेकांत मिसळून नुसता गलबला होतो, चाल त्यात बुडते. माझे पहिले पंधरा दिवस यातच गेले.

उत्तर मिळाले ते अथेन्सच्या जुन्या मातीच्या भांड्यांवरच्या चित्रांत. त्यातल्या वादकांचा उजवा हात छेड देऊन बाहेर गेलेला असतो, आणि डाव्या हाताची बोटे तारांच्या मागे ताणून पसरलेली असतात. डावा हात तिथे काय करतो? बहुतेक वेळ तो तारा गप्प करत असतो. लायरला पडदे नाहीत, तार दाबून दुसरा स्वर काढायची सोय नाही. एक तार, एक स्वर. म्हणून कोणत्या तारा वाजू द्यायच्या नाहीत हे ठरवणे, हेच या वाद्याचे निम्मे वादन. हा लेख मुख्यतः त्या डाव्या हातासाठी आहे. बाकी गोष्टी त्याच्यापर्यंत पोचण्यापुरत्या.

कोणती लायर घ्यायची

ग्रीकांकडे या कुळातली वाद्ये बरीच होती. होमरच्या काव्यातली फोर्मिंक्स, मोठ्या लाकडी पेटीची आणि स्पर्धांत वाजणारी किथारा, लांब हातांची (हात म्हणजे बाजूचे दोन उभे दांडे) आणि खर्जातली बार्बितोस, आणि घरात, शाळेत शिकली जाणारी साधी लीरा. या लीरेला खेलिस, म्हणजे कासव, असेही म्हणत, कारण तिचा भोपळा कासवाच्या पाठीचा असे. हर्मिस देवाच्या प्राचीन स्तोत्रात नुकताच जन्मलेला तो देव पहिल्याच दिवशी दाराशी कासव पकडतो, त्याच्या पाठीवर कातडे ताणतो, दोन हात आणि आडवी दांडी बसवतो, मेंढीच्या आतड्याच्या सात तारा लावतो. नवशिक्याने घ्यायची ती हीच, सात ते नऊ तारांची.

खऱ्या कासवाच्या पाठीची मात्र अजिबात घेऊ नका. कोणी हौसेने इथल्या कासवाची पाठ वापरून बनवून देतो म्हणाला तर तिथूनच परत फिरा. आपल्याकडचे तारांकित कासव १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येते. लाकडी वाटीवर कातडे किंवा पातळ फळी बसवलेली प्रतिकृती चांगली वाजते. ग्रीसमध्ये थेस्सालोनिकीला अशा प्रतिकृती बनवणारे कारागीर आहेत. त्या महाग पडतात.

ऑनलाइन दुकानांत लायर म्हणून दिसणारी स्वस्त वाद्ये बहुधा लोखंडी तारांची असतात, दहा, सोळा, एकोणीस तारांची. शिकायला ती अगदीच वाया नाहीत, पण लोखंडी तार एकदा छेडली की फार वेळ घुमते आणि बोटाने थांबवताना खरखर करते. शिवाय सोळा तारा दाबायला बोटे आणायची कुठून? असे वाद्य घरात असेलच तर सात तारा ठेवा, बाकीच्या काढून टाका. आणि शोधताना एक सावधगिरी: क्रीट बेटावरची आजची लीरा हे गजाने वाजवायचे, सारंगीच्या जातीचे वेगळे वाद्य आहे. नाव तेच, काम दुसरे.

खुंट्यांचेही ठरवा. प्राचीन पद्धतीत खुंट्या नसत. तार चामड्याच्या पट्टीसकट वरच्या दांडीवर गुंडाळत, ती पट्टी पिळून सूर चढवत-उतरवत. या पट्ट्यांना कोल्लोपेस म्हणत. दिसायला देखणे प्रकरण, पण नवशिक्याचा जीव काढते. पहिले वाद्य धातूच्या खुंट्यांचे घ्या, स्वरमंडळासारखे चावीने जुळणारे. तारा नायलॉनच्या. आतड्याच्या तारांचा आवाज जास्त गोड असतो हे खरे, पण मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात त्या दमट हवा पितात आणि सूर धरत नाहीत.

धरणे, आणि तारांची नावे

टेकायला पाठ नसलेल्या स्टुलावर बसा. लायरचा भोपळा डाव्या मांडीवर, कमरेला टेकवून. वरचा भाग किंचित पुढे झुकलेला. वाद्याच्या बाहेरच्या हाताला बांधलेला पट्टा डाव्या मनगटाभोवती घ्या. हा पट्टा सजावटीचा नाही. वाद्याचा भार मनगट घेते आणि बोटे मोकळी राहतात. पट्टा नसलेली लायर आली तर सुती नाडी बांधा, त्याशिवाय पुढचे काही जमणार नाही. डावा हात तारांच्या मागून येतो, उजवा पुढून.

जाड तार शरीराच्या बाजूला, बारीक तार बाहेर. वाद्य पुढे झुकवले की जवळची जाड तार सगळ्यांत वर येते. म्हणूनच ग्रीक तिला हिपाते, म्हणजे सर्वांत वरची, म्हणत, जरी तिचा स्वर सर्वांत खालचा असला तरी. त्यापुढे पारहिपाते, मग लिखानोस म्हणजे तर्जनीची तार, मधली ती मेसे, मग त्रिते, पारानेते आणि शेवटची नेते. नेते म्हणजे सर्वांत खालची. मराठी वाचकाने त्यातून वेगळा अर्थ काढू नये. ही नावे हाताच्या आणि जागेच्या हिशेबाने पडली आहेत, आणि त्यातल्या एका तारेचे नाव चक्क बोटावरून आहे.

छेडायला प्लेक्ट्रॉन लागते. शिंग, हाड, लाकूड, काहीही चाले, आणि ते दोरीने वाद्याला बांधलेले असे. सरोदवादकांचा नारळाच्या करवंटीचा जवा मिळाला तर तो उत्तम. नाहीतर जाड चामड्याचा तुकडा घासून घ्या. गिटारचे पातळ प्लास्टिकचे पिक नको, ते नायलॉनवर चटचट आवाज करते.

जुळवणी

आपण पहिल्या दिवसापासून एका खऱ्या प्राचीन गाण्यासाठी वाद्य लावणार आहोत. ते गाणे सेइकिलोसच्या शिलालेखावर कोरलेले आहे, त्याची ओळख पुढे येईल. त्याची स्वरपंक्ती आपल्या काफी थाटाशी तंतोतंत जुळते: सा रे ग म प ध नी, त्यात ग आणि नी कोमल. हा निव्वळ योगायोग आहे, त्यावरून कोणी कोणाकडून काय नेले असले तर्क करू नका. पण मराठी कानाला तो फार उपयोगी आहे.

सात तारा अशा लावायच्या, जाड तारेपासून: सा, ग, म, प, ध, नी, सां. रिषभ वगळला आहे, तो गाण्यात एकदाच येतो. आठवी तार असेल तर सा आणि ग यांच्यामध्ये लावा. सा पेटीच्या मंद्र सप्तकातली पांढरी तीन धरा, मग मध्यम त्याच सप्तकातल्या पांढरी सहावर येईल. वाद्य लहान असेल तर एवढ्या खाली तारा ढिल्या पडून खडखडतात. तसे झाले तर सगळेच वर न्या. सा पांढरी पाच घ्या किंवा पांढरी सहा घ्या, गाण्याला काही फरक पडत नाही.

मोबाइलमधल्या ट्यूनरने हे दोन मिनिटांत होते. तरी पहिला महिना कानानेच करा. ग्रीकही संवादी स्वरांनी लावत, चौथ्या आणि पाचव्या स्वराच्या नात्याने. आपण ज्याला षड्ज-पंचम आणि षड्ज-मध्यम भाव म्हणतो तेच. पायथागोरसच्या नावावर चालणारी प्रमाणे हीच: सप्तकाला २:१, पंचमाला ३:२, मध्यमाला ४:३.

आधी तिसरी तार, म, पेटीवरून लावा. हा एकच स्वर बाहेरून घ्यायचा. त्याच्याखाली पहिली तार अशी लावा की तिच्या मानाने तिसरी मध्यम वाटेल. तो सा. मग सातवी तार अशी की तिसरीला सा मानले तर ती पंचम वाटेल. तो सां. पहिली आणि सातवी एकत्र छेडा, एकच स्वर दोन उंचीवर ऐकू यायला हवा. स्वर थरथरत असेल तर अजून लागलेला नाही. थरथर मंदावत जाऊन थांबते तिथे थांबा. आता पहिलीवरून चौथी तार पंचमात. तिसरीला सा मानून सहावी तार तिच्या मध्यमात, तो कोमल नी.

उरल्या दुसरी आणि पाचवी. पाचव्या तारेचा धैवत लावायला रिषभ लागतो, आणि रिषभाची तार तर आपल्याकडे नाही. म्हणून दुसरी तार तात्पुरती रिषभात लावा: ती इतकी उतरवा की तिला सा मानल्यावर चौथी तार मध्यम वाटेल. त्या रिषभाच्या पंचमात पाचवी तार लावा. धैवत मिळाला. आता दुसरी तार पुन्हा चढवा, तिला सा मानल्यावर सहावी पंचम वाटेपर्यंत. तो कोमल ग. उसना रिषभ परत.

असा लागलेला धैवत ख्यालाच्या कानाला किंचित चढा वाटेल. बरोबर आहे. त्याचे सा शी नाते २७:१६ असे येते, आणि आपला सवयीचा धैवत बहुधा ५:३ चा. ट्यूनरही मध्यमाच्या मानाने काही सेंट, म्हणजे अर्ध्या स्वराचे काही शंभरांश, चढा दाखवेल. तो उतरवू नका, ही त्या पद्धतीचीच चव आहे.

नायलॉनच्या नव्या तारा पहिला आठवडाभर ताणत राहतात, पुन्हा पुन्हा उतरतात. वाद्य बिघडले असे समजू नका. रोज दोनदा जुळवा, आठ दिवसांनी थांबतात.

डावा हात

आता मूळ कामाला लागू. डाव्या हाताची बोटे मागून तारांवर ठेवा, नखांनी नाही, बोटांच्या मऊ पेरांनी. दाबायचे नाही, नुसते टेकायचे. उजव्या हाताने जाड तारेपासून बारकीपर्यंत, शरीरापासून बाहेर, एक सरळ छेड द्या. ज्या तारांवर बोट आहे त्यांतून नुसती कोरडी टकटक यायला हवी. एखादी तार बासरीसारखी शिट्टी मारत असेल तर तुमचे बोट नेमके तिच्या मध्यावर पडले आहे. मध्यावर हलके टेकलेली तार वरच्या सप्तकात बोलते. बोट दोन बोटे वर सरकवा.

पहिली पकड अशी. तर्जनी दुसऱ्या तारेवर, मधले बोट चौथीवर, अनामिका पाचवीवर, करंगळी सहावीवर. अंगठा हवेत. छेड द्या. सा, म, सां एवढेच वाजेल. मध्यमात लावलेला तंबोराच हातात आला म्हणा. ही एक पकड घेऊन दहा मिनिटे छेडत राहा, आणि सोबत काहीही गुणगुणा, मध्यमावर थांबणारे कोणतेही भजन चालेल. साथीचे वाद्य म्हणून लायर इथेच उभी राहते.

दुसरी पकड. फक्त मधले बोट चौथीवरून तिसरीवर आणा, बाकी हात हलवू नका. आता सा, प, सां वाजते. पहिली पकड, दुसरी पकड, पुन्हा पहिली. चार छेडी यात, चार छेडी त्यात. पहिल्या दिवशी हे एकच बोट हलायला शिकले तरी पुष्कळ झाले.

तिसरी पकड. पहिल्या पकडीवर या, अंगठा पहिल्या तारेवर टेकवा आणि अनामिका उचला. म, ध, सां. एकदम मोकळा, उजळ आवाज येतो. प्राचीन ग्रीकांचे संगीत मुळात एका चालीचे. असे तीन स्वर पाश्चात्त्य कॉर्डसारखे रचून बसवायची रीत त्यांची नव्हती, तेव्हा ही पकड माझी सोय समजा. पहिल्या दोन मात्र, सा सोबत चौथा किंवा पाचवा स्वर, त्यांच्या संवादाच्या कल्पनेतच बसतात.

बोटांच्या मधली जागा पुरत नाही अशी तक्रार सगळेच करतात. बहुतेकदा मनगट वाकलेले असते. पट्टा एक घर घट्ट करा, भार मनगटावर जाऊ द्या, मनगट सरळ होते. तरीही करंगळी पोचत नसेल तर अनामिका थोडी आडवी टाकून पाचवी आणि सहावी दोन्ही तारा तिनेच झाका. दुखेपर्यंत ताणू नका, दिवसाला दोनदा पंधरा मिनिटे पुरतात.

ही कला जिवंत पाहायची असेल तर इथिओपियातल्या क्रार वादकांचे व्हिडिओ बघा. क्रार ही पाच-सहा तारांची लायरच, आणि तिथे आजही डाव्या हाताने तारा झाकून उजव्याने सपाटून छेडतात. आवाज बंद करून बघा, नुसती डावी बोटे. भांड्यांवरच्या चित्रांतले ताठ हात काय करत असतील ते मग लख्ख दिसते.

तीन पकडी बसल्या की एकेक स्वर. उजव्या हातातला जवा खाली सोडा, आणि डाव्या हाताच्याच अंगठ्याने व तर्जनीने तारा ओढून सा ग म प ध नी सां, आणि उलटे. एक स्वर छेडला की पुढचा छेडण्याच्या क्षणीच आधीचा बंद करायचा. आधी बंद केला तर चाल तुटते, नंतर केला तर चिखल. मला स्वतःला या एका गोष्टीला सर्वांत जास्त वेळ लागला, आणि तिला जवळची वाट सापडली नाही.

पहिले गाणे

१८८३ साली आजच्या तुर्कस्तानातल्या आयदिनजवळ, जुन्या त्राल्लेस गावाच्या परिसरात, एक गोल दगडी खांब सापडला, तोच सेइकिलोसचा शिलालेख. त्यावर चार ओळींचे गाणे कोरले आहे आणि अक्षरांच्या डोक्यावर स्वरांची चिन्हे. काळ इसवी सनाचे पहिले किंवा दुसरे शतक. संपूर्ण अवस्थेत हाती आलेली ही सर्वांत जुनी रचना. खांब आता कोपनहेगनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

शब्द असे: होसोन झेस फाइनू, मेदेन होलोस सू लुपू, प्रोस ओलिगोन एस्ती तो झेन, तो तेलोस हो ख्रोनोस अपाइतेइ. अर्थ: जगतोस तोवर झळक, कशाचेही दुःख करू नकोस, जगणे थोडेसेच, काळ आपले येणे मागतोच.

स्वर, ग आणि नी कोमल धरून:

म सां सां, धनीसां नी
ध नी सां नीध प, म पग
म ध सां नी, धनी ध म पग
म ध प नी सां, ध म म मरेसा

जोडून लिहिलेले स्वर एका अक्षरावर घ्यायचे. प्रत्येक ओळ बारा मात्रांची, सहा आणि सहा, म्हणजे दादऱ्याची दोन आवर्तने. पहिल्या ओळीत म ला एक मात्रा, पहिल्या सां ला दोन, दुसऱ्याला तीन, मग धनीसां या तिघांना मिळून तीन आणि नी ला तीन. मात्रा कशा ठरल्या हे लघु-गुरू शिकलेल्या माणसाला सांगावे लागू नये. ग्रीक वृत्तेही अक्षराच्या लांबीवरच चालतात, आणि या दगडावर दोन मात्रांच्या अक्षरावर आडवी रेघ कोरलेली आहे.

आधी नुसते गा. हाताला वाद्य लावू नका. पहिला सूर म वरून एकदम सां वर उडी घेतो, तीच या गाण्याची ओळख. गळ्यात बसले की पहिली पकड धरा आणि प्रत्येक सहा मात्रांना एक छेड देत गा. दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीच्या शेवटी गळा ग वर येतो तेव्हा पहिली पकड सोडून सगळ्या तारा डाव्या हाताने झाका, म्हणजे तिथे नुसता गळा राहील. मध्यम आणि ग एकत्र वाजले की कुरबुर होते, म्हणून ही युक्ती. हे आठवडाभर. त्यानंतर चाल डाव्या हाताने ओढायला घ्या, एक ओळ चार दिवस. सात तारा असतील तर शेवटचे मरेसा हे म सा असे घ्या, रिषभ गळ्यानेच म्हणा. ऐकणाऱ्याला कळतसुद्धा नाही.

गळ्याची चाल आणि लायर एकत्र आली की गोंधळ होईल. बहुतेक वेळा गळा बरोबर असतो आणि डावा हात उशिरा उठतो. तेव्हा गाणे थांबवू नका, छेड थांबवा.

यापुढे मेसोमेदेसची स्तोत्रे आहेत. तो दुसऱ्या शतकात सम्राट हेड्रियनच्या पदरी होता, आणि त्याच्या चाली आवाक्यातल्या आहेत. १८९३ मध्ये डेल्फीला सापडलेली अपोलोची स्तोत्रे मात्र वर्षभर बाजूला ठेवा. त्यांत अर्धे स्वर लागोपाठ येतात, सात तारांत ते मावत नाहीत.

वाद्य ठेवताना तारा पूर्ण ढिल्या करू नका, एखादा स्वर उतरवून ठेवा. कातड्याचा भोपळा असेल तर पावसाळ्यात कपाटात बंद न करता मोकळ्या हवेत, भिंतीपासून दूर टांगा. घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात तो लाकडी तुकडा, बहुतेक प्रतिकृतींत चिकटवलेली नसते, तारांच्या ताणानेच उभी असते. सगळ्या तारा एकदम काढल्या तर ती पडेल आणि तिची जागा हरवेल. बदलायच्या तर एकेक तार बदला, आणि त्याआधी घोडीच्या पायांशी पेन्सिलीने बारीक खूण करून ठेवा. घोडी घासावी लागली तर सतार दुरुस्त करणाऱ्या माणसाकडे न्या. लायर त्याने आयुष्यात पाहिलेली नसेल, पण तार घोडीवर कुठे झणझणते हे त्याला कान लावताच कळते.